आठी न पडणारं कपाळ

सनईतून फुस्स करून हवा निसटली आणि रेवू दचकली. तिचे आबा, महादेव गुरव, चाळीस वर्षं देवळात सनई वाजवत होते, पण त्यांचा सूर कधी ढळला नव्हता. आज मात्र त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा लोंबत होता आणि उजवा डोळा काही केल्या मिटत नव्हता.

"तोंडावरनं वारं गेलंया," आबा बोबडं बोलले. "आठ दिस तेल चोळू. उतरंल."

"आठ दिवस? आत्ताच्या आत्ता चला!"

रेवूनं त्यांना ओढतच आरोग्यकेंद्रात नेलं. तिथं रोग्यांना तपासणारी नाडीताई नावाची यंत्रबाई होती. आधी गावानं तिची टर उडवली होती. आता सरपंचसुद्धा तिच्यापुढे निमूट जीभ दाखवत.

नाडीताईनं आबांना दोन्ही हात उचलायला लावले. हात नीट उचलले गेले.

"आता भुवया वर करा."

कपाळाच्या डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवी बाजू गुळगुळीतच राहिली. रेवू पुढे झुकून पाहू लागली. कपाळसुद्धा गेलं की!

"छान!" नाडीताई म्हणाली.

"छान काय त्यात?" रेवू रडकुंडीला आली.

"ऐक. कपाळाच्या प्रत्येक बाजूला मेंदूच्या उजव्या-डाव्या दोन्ही भागांकडून निरोप येतात, तोंडाला मात्र एकाच भागाकडून. मेंदूचा एक भाग बिघडला, तरी दुसरा कपाळ हलवतो. म्हणून तोंड वाकडं आणि कपाळ शाबूत दिसलं, की बिघाड मेंदूतच असेल म्हणून मी जास्त धास्तावते. आबांचा मेंदू निरोप धाडतोय, पण त्यांची चेता (निरोप चेहऱ्यापर्यंत नेणारी नस) कानाजवळच्या हाडाच्या अरुंद बोगद्यात सुजून चेंगरलीय. म्हणून ती अख्खी बाजू थांबली. पण हे घरी बसून ठरवायचं नसतं हं. तोंड वाकडं दिसलं, की तडक दवाखाना!"

रेवूनं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. एका आठीवरून डोक्याच्या आतलं कळतं! हे शोधून काढणाऱ्यांचं तिला भारी कौतुक वाटलं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून आबांना तपासलं, नाडीताईनं मोजलेली रक्तातली साखर पाहिली आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. या गोळ्या दुखणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांत घेतल्या, तर गुण चांगला येतो. उघड्या डोळ्यासाठी थेंब आणि झोपताना लावायची पट्टी मिळाली.

"सनई वाजंल का पुन्यांदा?" आबांनी विचारलं.

"बहुतेकांचा चेहरा पूर्ववत होतो, आबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळ लागेल. आणि ज्यांचा होत नाही, त्यांच्यासाठी चेता जोडण्याच्या शस्त्रक्रियाही रोज सुधारताहेत."

चार आठवडे काहीच हललं नाही. आबा सनईकडे बघेनासे झाले. पाचव्या आठवड्यात रेवूनं गुपचूप ती तोंडाला लावली, जोरात फुंकली, आणि सनई हातातून निसटून फरशीवर आपटली.

"कार्टे! देवाची सनई हाय ती!" आबा कडाडले.

रेवूनं मान वर केली. आबांच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ्याच आठ्या होत्या.

"आबा," ती आनंदानं ओरडली, "आणखी रागवा ना!"