पत्र्यावरचे फोड

"माझ्या लेकाचा, राजेश्वरचा घात केलाय कुनीतरी," उमाबाई दारातच म्हणाल्या. "हुडकून द्या, ताई."

बीडमध्ये मोहिनीताई खासगी तपास करत. त्यांचे मामा विठ्ठलराव स्कूटर चालवत आणि अंदाज चुकवत.

गेवराईजवळ नव्या पाणीयोजनेचे लोखंडी नळ पडले होते. नळांचा रंग तपासणाऱ्या निरीक्षकांचा वरचा अभ्यासक्रम तिथेच चालू होता. परीक्षेत वाळूच्या माऱ्याने घासलेला पत्रा स्वच्छ असल्याची उमेदवाराने खात्री द्यायची, मग त्यावर रंग मारून तो गरम पाण्यात ठेवायचा. राजेश्वरच्या पत्र्यावर फोड आले. आता प्रमाणपत्र नाही, म्हणजे कंपनीतली नोकरीही नाही.

निघताना उमाबाईंनी आपल्या कपाळावर होते तसेच भस्माचे पट्टे स्कूटरच्या दिव्यावर ओढले. "चांगल्या कामाला देवाचं नाव पाहिजे," म्हणाल्या. मामा खूश झाले. उमाबाई एसटीने मागून आल्या.

पत्र्यावर फोडांच्या तीन आडव्या ओळी होत्या, एकीखाली एक.

"रंगारी बिभीषण!" मामा कुजबुजले. "राजेश्वरनं त्याचं काम मागं नापास केलं होतं."

"म्हनून मी असं करीन व्हय?" बिभीषण तडकला. "एकाच डब्यातला रंग सगळ्यांला मारला. बाकीचे पत्रे चकचकीत हायेत. त्याचा पत्राबी राखाडीच दिसला, डाग न्हाई काय न्हाई."

दुसरा उमेदवार रामेश्वर म्हणाला, "आमी जेवायला गेलतो तवा पत्रे उघडे होते. पर त्याची आई डबा घेऊन आलती, तीच राखन बसलती. ती परक्याला आत सोडती व्हय? नंतर राजेश्वरनं मला माझ्या पत्र्यावर धूळ बघाया दोनदा पांढरं फडकं फिरवायला लावलं. सोताच्या पत्र्यापुढं मातर नुसता उभा ऱ्हायला."

"तुझा कुणावर संशय?" मोहिनीताईंनी राजेश्वरला विचारलं.

"कुनावर न्हाई." त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी मोहिनीताईंनी सगळ्यांना प्रशिक्षकांसमोर बसवलं.

"रंग वाईट असता तर सगळेच पत्रे फुगले असते. वैऱ्याने मीठ किंवा तेल टाकलं असतं तर ते कुठेही पसरलं असतं. या ओळी तीन बोटांनी ओढल्यात. राखेतला क्षार रंगाखाली पाणी ओढतो, म्हणून फोड आले. आणि राखाडी पत्र्यावर राख बिभीषणला दिसली नाही."

मामांनी स्कूटरकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"मी?" उमाबाईंनी कपाळाला हात लावला. "मी तर त्याचं भलं व्हावं म्हून…"

"ठाऊक आहे. पण फडक्याशिवाय खात्री न देणारा माणूस आपल्याच पत्र्याला फडकं का लावत नाही? राजेश्वर, तू ते पट्टे ओळखलेस."

"ओळखले," तो म्हणाला. "आईनं लावलेली इभूत मी घान म्हनून कशी पुसू?"

प्रशिक्षकांनी पत्रा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "घातपात नाही, तेव्हा निकाल बदलत नाही. पुढच्या तुकडीत परत बस."

मोहिनीताईंना वाईट वाटलं. निकाल मात्र त्यांना बरोबर वाटला.

उमाबाई उठल्या, लेकाजवळ गेल्या.

"मला हाक मारायची व्हती, लेकरा," त्या म्हणाल्या. "मीच पुसली असती."