दुखरा पाय, बरा पाय

कंबळ्यात, म्हणजे चिखलातल्या शर्यतीत, रेड्यांची जोडी पुढे निघून गेली आणि त्यांना पळवणारा सुकेश पूजारी मागेच राहिला. रेड्यांना हे शर्यत जिंकल्यावर कळलं, सुकेशला जरा आधी. उजवी मांडी मागून धरून तो बांधाशी आडवा झाला, तो नेमका हरिणाक्षीच्या पायांपाशी. हरिणाक्षी मूडबिद्रीत फिजिओथेरपिस्ट होती. त्या दिवशी मात्र ती फक्त चुरमुरी, म्हणजे तिकडची भेळ, खायला आली होती.

चौघे तेलाची बाटली घेऊन धावले. रेडा लंगडला की खोबरेल लावून रगडायचा, ही तिकडची रीत. सुकेशला वेगळी वागणूक द्यावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

"हात काढा," हरिणाक्षी म्हणाली. "माणूस आहे तो."

"म्हणून तर हळू चोळतोय, अक्का."

"स्नायूचे धागे फाटलेत. चोळाल तेवढे आणखी फाटतील. बर्फ आणा."

बर्फ होता फक्त मासळीवालीच्या पेटीत. हरिणाक्षीने तो फडक्यात गुंडाळून मांडीला लावला, वरून पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवावा तसा गवताच्या भाऱ्यावर चढवला. बांगड्याच्या वासात सुकेश तिच्याकडे बघत राहिला...

"लिगामेंट गेलं का, अक्का?"

"नाही. ते हाडाला हाड बांधून ठेवतं. गुडघा शाबूत आहे तुमचा. स्नायूच थोडा फाटलाय."

"मग परवा पळू?"

"परवा कुबडी."

रेड्यांचे मालक पद्मराज बल्लाळ यांनी हे ऐकलं आणि आधी रेड्यांची विचारपूस केली. मग म्हणाले, "मोसमातली शेवटची शर्यत पुढच्या महिन्यात. तोवर उभा राहिलास तर जोडी तुझी. नाहीतर दुसरा पोरगा बघतो." दुसऱ्याच्या हाती गेलेली जोडी परत मिळत नाही, हे सुकेशला माहीत होतं.

सूज उतरल्यावर हरिणाक्षीने पाण्यात चालायला सांगितलं. गावात तळं एकच, तेही रेड्यांचं. मग रोज सकाळी तिघे पाण्यात उतरायचे आणि ती पायरीवर बसायची. तिघांमध्ये रेडे जास्त शिस्तीचे होते.

"अक्का, बघा ना, किती छान चालतोय—"

"मी तुमची अक्का नाही."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"हरिणाक्षी..." त्याने ते इतकं सावकाश उच्चारलं, की एका रेड्याने मान वळवून बघितलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी होती. तो चटईवर उताणा झोपला. तिने टाच हातात घेऊन उजवा पाय सरळ वर उचलायला सुरुवात केली. हळू... आणखी हळू. पाय वर आला, आणि सुकेशचा श्वास थांबला.

"दुखलं."

"नाही."

"मग श्वास का थांबला?"

तो म्हणाला, "तुम्ही वाकलात म्हणून."

हरिणाक्षीचा चेहरा हलला नाही. हा खोटं बोलत असेल, तर उद्या चिखलात मांडी पुरती फाटेल. आणि खरं बोलत असेल, तर... त्यावर तिच्या शिक्षणात काही नव्हतं.

"डावा पाय द्या," ती म्हणाली.

"तो बरा आहे की."

"म्हणूनच."

तिने डावी टाच उचलली. तशीच वाकली, तेवढीच. पाय वर आला, आणि श्वास पुन्हा थांबला. तिथेच, तसाच.

ती बराच वेळ तो धडधाकट पाय धरून उभी राहिली. कारण नव्हतं.

"दोन्हीकडे सारखं आहे," शेवटी ती म्हणाली.

"म्हणजे आजार पसरला?"

"म्हणजे मांडी बरी आहे."

"आणि बाकीचं?"

"त्याला बर्फ चालत नाही."

सुकेशने पडल्यापडल्याच मान उचलली. "मग उद्या पळू?"

"पळ," ती म्हणाली. 'पळा' म्हणायचं राहून गेलं, आणि दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

"तुम्ही बांधावर उभ्या राहिलात, तर मध्येच श्वास थांबेल माझा."

"बांधावर नाही." तिने पाय खाली ठेवला. "मी शेवटच्या टोकाला उभी राहीन. तिथवर श्वास पुरव."