ओलं सारवण

"सोन्याचे गोठ गेले गो, माझ्या लेकीच्या, अंजूच्या लग्नाचे! चोरीन गावलीय. फौजदाराच्या आधी तुमी चला!" बाईजा दारातच रडू लागली.

संजीवनी भोईर पोलिसातली नोकरी सोडून शहापुरात खासगी तपास करायची. तिचा मदतनीस हनुमान स्कूटर चालवायला पक्का, विचार करायला जरा सावकाश.

शेणवे गावात बाईजाच्या अंगणात सोमी ठाकरीण उकिडवी बसली होती. गणपतीसाठी घर सारवायला ती काल सकाळी पहिल्यांदाच इथे आली होती. तिचं तान्हं पोर वाडीवर होतं, आणि इथे चार बायांनी तिचा पदर झाडून पाहिला होता. काही विचारलं की ती मान खाली घालायची, मधूनच पदराआड हसायची.

"हसते बघा! खाली मुंडी, पाताळ धुंडी," बाईजाचा भाऊ शाम म्हणाला. "मॅडम, माझी लोकल जाईल. हिला पोलिसात द्या, विषय संपला."

तो थेट डोळ्यांत बघून बोलत होता. हनुमानला हा पोरगा फार आवडला.

माजघरात शिरताच हनुमानचा पाय रुतला. "अरारा! शेण!"

"कालचं सारवण हाय," बाईजा म्हणाली. "पाऊस हटत नाय, सुकंल कसं?"

समोरच भात साठवायची, शेणाने लिंपलेली बांबूची कणगी होती. गोठांचं गाठोडं तिच्या बुडाशी भातात पुरलेलं. आज सकाळी बाईजाला कणगीला खाली शेणाचं नवं ठिगळ दिसलं. तिने ते फोडलं तर आत भोक, आणि गाठोडं गायब. संजीवनीने ठिगळाचा एक तुकडा उचलून बोटांत दाबला. त्याचा भुगा झाला.

"सोमी, कणगीला हात लावलास?"

"नाय. भुईच सारवली." ती पुन्हा हसली.

"हसतेस कशाला गो?"

"भ्या वाटतं, बाय."

"बाईजा, गेल्या आठवड्यात घरी कोण होतं?"

"मी नि अंजू मुरबाडला, थोरलीच्या बाळंतपणाला. घरात शाम एकटाच, किल्ली त्याच्याकडं होती."

संजीवनीने सगळ्यांना आत बोलावलं.

"सोमीची भुई अजून ओली आहे, हनुमानचा पाय साक्षीला. त्याच खोलीतलं ठिगळ मात्र खडखडीत वाळलेलं. म्हणजे ते सोमी येण्याच्या कितीतरी आधी लावलंय. तेव्हा घरात एकच माणूस होता. आणि गोठ कणगीत कुठे पुरलेत, हे परक्या बाईला कळणार कसं?"

"पण ती हसत होती!" हनुमान म्हणाला.

"घाबरून. परक्याची भीती आपल्याला लबाडी वाटते, आणि आपल्या माणसाची लबाडी खरेपणा."

शामची मान पहिल्यांदा खाली गेली. "ताई, लग्नाआधी परत आणून ठेवणार होतो."

"माझ्या डोळ्यांत बघून बोललास रे मेल्या! आई गेली तवा या हातानं भरवला तुला. नि तुझ्यापायी या बाईचा पदर मी झाडला!"

बाईजा डोळे पुसत सोमीकडे वळली. "बस गो. चाय ठेवते."

सोमीने आपली बादली उचलली. या वेळी ती हसली नाही.

"पडवी अर्धी राह्यली, वयनी. ती भावाकडून सारवून घे. त्याला येतं."