कीथची बाय

"बाय, आत येऊ नकोस! शपथ आहे तुला, आत येऊ नकोस!"

मोरीच्या दाराआडून आलेला तो घोगरा स्वर आपल्या धाकट्या भावाचाच आहे, हे जसिंताला क्षणभर ओळखताच आलं नाही. मस्कतमधल्या रुवीच्या चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपून ती नुकतीच दार्सैतच्या खोलीवर परतली होती. तिनं दार ढकललं... कीथ उघड्या अंगानं बसून आपला शर्ट घासत होता, वेड्यासारखा घासत होता, आणि बादलीतलं पाणी लाल होत चाललं होतं.

"भिकाजी गेला गं बाय..." तो पुटपुटला. "मारायचं नव्हतं मला. नुसतं ढकललं..."

भिकाजी म्हणजे त्याचा फोरमन. वसईला आईच्या पोटातली गाठ काढायची ठरली होती, आणि 'एकदा माझ्या कीथला डोळे भरून बघू दे' एवढाच धोशा तिनं लावला होता. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, रजा भिकाजीच्या हातात, आणि तो रोज मालकाचं नाव पुढे करून म्हणायचा, "अर्बाबला सांगतो, इन्शाल्ला." आज गच्चीवर एसी दुरुस्त करताना कीथनं पुन्हा हात जोडले. "सगळ्यांच्याच आया मरतात," भिकाजी म्हणाला. कीथचं भान सुटलं, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी उभा असलेला भिकाजी थेट खालच्या फरशीवर जाऊन आदळला! कीथनं खाली धावत जाऊन त्याचं रक्ताळलेलं डोकं छातीशी धरलं, आणि घाबरून तो तसाच पळाला.

वडील गेले तेव्हा कीथ रांगत होता. आई वाडीत राबायची; त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं ते जसिंतानं. त्याच्यापायी तिनं आलेली स्थळं परतवली, त्याला मस्कतला आणलं. त्या माउलीच्या हृदयानं आता विचार केलाच नाही. तिनं त्याच्या हातून शर्ट हिसकावला आणि स्वतः धुऊन काढला. संध्याकाळी पोलीस चौकशीला आले तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, "कीथ सकाळपासून घरीच होता."

आयुष्यातलं तिचं ते पहिलं असत्य!

दुसऱ्या दिवशी कुरुमच्या हॉटेलात, लाँड्रीच्या वाफेत, तिच्याबरोबर काम करणारी मारितेस तिच्या गळ्यात पडली. मारितेस फिलिपिन्सची, जसिंताला ती 'आते' म्हणायची, तिच्या भाषेत थोरली बहीण. सहावा महिना लागला होता तिला.

"आते, मेरे रोडेल को पकड़ लिया!" ती हंबरडा फोडून म्हणाली. "वो फोरमन को उठा रहा था, आते! सिर्फ उठा रहा था!"

मारितेसचा नवरा रोडेल हा कीथचाच कामावरचा जोडीदार. पडलेल्या माणसाला सावरायला धावला, आणि हात रक्तानं माखलेले सापडला. घटनेच्या आदल्याच दिवशी भिकाजीशी त्याचं भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

जसिंतानं मारितेसला पाणी पाजलं. तेव्हा पोटातलं बाळ हाललं, आणि मारितेसनं तिचा हात तिथं ठेवला... त्या स्पर्शानं जसिंताचा सारा देह शहारला!

घरी आली तर कीथ पिशवी भरत होता. "खाबुरा गावात एक माणूस आहे, जमाल. त्याची गाडी मला सीमेपलीकडे सोडेल. खलास! सुटलो बाय!"

"आणि रोडेल?"

"तो माझा कोण लागतो?"

"कीथ, चल. तू स्वतः जाऊन सांग. मी येते तुझ्याबरोबर."

तो तिच्या पायांवर कोसळला. "मला तू वाढवलंस ना? मी तुझं लेकरू ना गं?"

"लेकरू आहेस म्हणूनच!" ती म्हणाली. "तुझ्या वाटचं दुसऱ्यानं भोगलं, तर मी तुला काय वाढवलं रे बाबा?"

कीथ उठला. त्याच्या डोळ्यांत अंगार होता. "आईला काही झालं तर तू मारलीस तिला. माझी बहीण आज मेली!" आणि पिशवी उचलून तो निघून गेला.

जसिंता भर उन्हात पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढली. शर्ट, खोटी जबानी, खाबुऱ्याचा जमाल... सगळं सांगून टाकलं. खोट्या साक्षीबद्दल तिनं कोठडी सोसली, हॉटेलची नोकरीही गमावली. कीथ खाबुऱ्याच्या बाजारात सापडला. जाणूनबुजून केलेला खून नव्हे, हे कोर्टानं मानलं; तरी त्याला कित्येक वर्षांची शिक्षा झाली. रोडेल सुटला.

आईची गाठ निघाली, ती बरी झाली. पण फोनवर थोरलीचा आवाज ऐकताच ती रिसीव्हर ठेवून द्यायची. जसिंता दार्सैतमध्येच राहिली, लोकांकडे स्वयंपाक करू लागली. प्रत्येक भेटीच्या दिवशी ती तुरुंगात जाऊन बसायची, आणि शिपाई येऊन म्हणायचा, "तो येत नाही." ती म्हणायची, "बरं. मी आले होते म्हणून सांगा."

शिक्षा सरत आली, तेव्हा एकदा शिपाई काही बोललाच नाही. त्याच्या मागे कीथ उभा होता... कानशिलांवरचे केस पिकलेले, खांदे वाकलेले.

"रोडेल आला होता," जाळीपलीकडून तो म्हणाला. "पोरीला घेऊन. मला शिव्या देईल वाटलं. 'तुझ्या आईची तब्येत कशी आहे' म्हणून विचारलं त्यानं, बाय!" त्यानं जाळी घट्ट धरली. "तो इथं सडला असता, तर मी कुठल्या तोंडानं जगलो असतो गं?"

 जसिंतानं जाळीला तळवा लावला.

त्याला तुरुंगातूनच विमानात बसवून परत पाठवलं. दोन दिवसांनी तिच्या खोलीतला फोन वाजला.

"बाय, मी अंगणात उभा आहे," कीथ म्हणत होता. "आईला सांगितलंय, तिनं माझ्या बायला हाक मारल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. घे, बोल."

मग नुसता श्वास ऐकू आला... म्हातारा, धापा टाकणारा.

"जसिंता," आई म्हणाली, "मी तुझा फोटो भिंतीवरून काढला होता गं पोरी. ये... तुझ्या हातानं लाव."