‘मिस’चं मराठी

“थांबा! पुढे पाऊल टाकलंत, तर पस्तावाल.”

अंधाऱ्या जिन्यात मागून हा आवाज आला आणि माझ्या हातातली ओली छत्री खाली पडली. आवाज खोल आणि थंडगार होता, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. पण मी दचकले ते वेगळ्याच कारणानं. ते वाक्य माझं होतं! मागच्याच आठवड्यात मी ते एका खुन्यासाठी लिहिलं होतं.

“म्हणजे... पायरीला ओला रंग आहे.” आवाज एकदम बारीक झाला. “सॉरी. घाबरलात का?”

मी वळले. उंच, सडपातळ, पावसानं निथळणारा एक माणूस. चष्म्याच्या काचांवर इतके थेंब, की त्याला मी दिसत होते की नाही, देव जाणे. त्यानं वाकून छत्री उचलली आणि चुकून उलट्या बाजूनं माझ्या हातात दिली.

“असं बोलतात का कुणाशी?”

“घाईत मला स्वतःचं काही सुचत नाही हो. पाठ असलेलंच तोंडात येतं.”

“ते मी लिहिलंय.”

त्यानं चष्मा काढला. डोळे मोठे, भाबडे, लहान मुलासारखे.

“म्हणजे मला दर वेळी तिसऱ्या भागात मारता... त्या तुम्ही?”

“मी नाही मारत. मूळ लेखक मारतो. मी फक्त शेवटचे शब्द देते.”

“छान असतात,” तो मनापासून म्हणाला. “मरायला बरं वाटतं.”

मला हसू आवरेना.

परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहिणं, हा माझा धंदा. घरी मावशीच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहायचं आणि स्टुडिओला पाठवून द्यायचं. त्यामुळे माझी वाक्यं बोलणारी माणसं मी कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी दिग्दर्शिकाबाईंनी मुद्दाम बोलावलं, कारण एक वाक्य अडलं होतं. आणि ते अडलं होतं नेमकं याच माणसापाशी. स्टुडिओत सगळे त्याला ‘खलनायक’ म्हणत. वर्षानुवर्षं विष घालून, कट रचून झाल्यावर यंदा पहिल्यांदाच त्याला नायकाचा आवाज मिळाला होता.

नायक जहाजावरचा खलाशी. दूर बंदरातून बायकोला फोन करतो. पडदाभर फक्त त्याचा चेहरा... आणि तो म्हणतो, ‘आय मिस यू’.

“तुझी आठवण येते,” काचेपलीकडे माईकसमोर उभा राहून खलनायक म्हणाला. पडद्यावरचा खलाशी तोंड मिटून बसला, आणि आवाज मागून चालतच राहिला.

“मेला तो, आणि भूत बोलतंय,” बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “ओठ बघ गं त्याचे. मिसच्या ‘म’ला मिटतात. तिथं मराठीतही ‘म’ पाहिजे. आणि लांबी एवढीच. जा, दोघं बसा बाहेर, आणि वाक्य घेऊन या.”

बाहेरच्या खोलीत एक बाकडं होतं आणि पावसाकडे उघडणारी खिडकी. आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो.

“बस मिस होते,” तो म्हणाला. “म्हणजे चुकते.”

“नेमही चुकतो. लग्नाचं वयही चुकतं, असं माझी मावशी म्हणते.”

“कॉल मात्र चुकत नाही. तो मुद्दाम मिस करून देतात.”

“शाळेतली मिस राहिली. मावशी रिटायर झाली, तरी सगळी गल्ली तिला मिसच म्हणते.”

“आणि... तुम्ही?”

“मी काय?”

“मिस... की मिसेस?” तो चष्मा पुसत होता. माझ्याकडे अजिबात न बघता.

“हे खलाशाच्या तोंडी बसणार नाही.”

“नाही, ते आपलं... सगळे अर्थ व्हायला हवेत, म्हणून.”

“मिस,” मी म्हटलं. लख्ख पुसून झालेला चष्मा तो पुन्हा पुसू लागला.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ओठांवरचं हसू त्याला दिसायला नको होतं. “गंमत बघा,” मी म्हटलं, “माणूस जवळ नसला की आपल्याकडेही चुकल्या-चुकल्यासारखंच वाटतं.”

“वा! सुंदर. पण एवढं बोलून होईपर्यंत खलाशी फोन ठेवून जेवायला गेला असेल.”

वाक्य काही सापडलं नाही. बाकीचे भाग ध्वनिमुद्रित होत गेले आणि ती एक जागा तशीच कोरी राहिली. मला रोज स्टुडिओत जायला निमित्त मिळालं. आमचं अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. बाकावरचं अंतरही हळूहळू कमी झालं. मी येताना तो पायऱ्यांशी उभा असायचा. “सहज,” म्हणायचा. रंग केव्हाच वाळला होता.

मग मला नोकरीचं बोलावणं आलं. दूरच्या शहरातली मोठी डबिंग कंपनी, स्वतःचं टेबल, हाताखाली दोन लेखक. मुलाखतीला जायचं होतं. मी त्याला सांगितलं, तेव्हा आम्ही दारात चहा पीत होतो. वळचणीचं पाणी समोर पडद्यासारखं गळत होतं.

“अरे वा,” तो म्हणाला. “अभिनंदन.”

“एवढंच?”

“मग... काय म्हणू?”

“तुला जे वाटतं ते!”

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. “मला लिहून दिलेलंच बोलता येतं गं.”

“म्हणजे ते पण मीच लिहून द्यायचं का?” मी तडकले. कप खिडकीत आपटला, छत्री न उघडताच चालायला लागले. रस्ताभर वाटत होतं, मागून हाक येईल. ‘थांब, पस्तावशील’ म्हणाला असता तरी चाललं असतं. पण कसचं काय.

मुलाखत झकास झाली. पुढच्या महिन्यापासून या, म्हणाले. संध्याकाळी कंपनीच्या पाहुण्यांच्या खोलीत एकटी बसले होते. आनंद व्हायला हवा होता... होत नव्हता. आंघोळ करून आले, तर फोनवर त्याचा मिस कॉल. करावा की नाही, म्हणून बघत असतानाच फोन पुन्हा वाजला.

“झाली मुलाखत?”

“झाली. घेतलं मला.”

“घेणारच.” मागे पाऊस ऐकू येत होता. तिकडचा की इकडचा, कोण जाणे. “बाई म्हणाल्या, उद्यापर्यंत ते वाक्य बसलं नाही, तर दुसरा आवाज घेतील. सगळे भाग पुन्हा.”

त्याची पहिली नायकाची भूमिका! “मला अजून नाही रे सुचलं.”

“त्यासाठी नव्हता केला फोन.”

“मग?”

“तू गेल्यापासून... म्हणजे स्टुडिओत... घरीसुद्धा... कुठंच करमेना.”

समोर आरसा होता. माझे ओठ आपसूक हलले. कर... मे... ना.

“परत म्हण!”

“करमेना.” आवाज अगदी हळवा.

“अजून एकदा!”

“करमेना गं...”

“बसलं!” मी पलंगावरून उडीच मारली. “अरे, बसलं! तीन ठोके, आणि ओठ मिटतात बरोबर मधल्या ‘म’ला! आय-मिस-यू, कर-मे-ना! कळतंय का तुला?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतोयस ना?”

“जन्मात पहिल्यांदा मी कुणी लिहून न दिलेलं काहीतरी बोललो,” तो सावकाश म्हणाला, “आणि तू ओठ जुळतात का बघतेस?”

मी मटकन खाली बसले. लाज वाटली, हसू आलं आणि डोळेही भरून आले, सगळं एकदमच.

“ऐक ना...”

“सांग. ‘म’ जरा लांबवू का?”

“मलाही.”

“मलाही काय?”

“मलाही करमेना.” जन्मभर दुसऱ्यांसाठी लिहीत आले. स्वतःचं एवढंसं वाक्य पहिल्यांदाच बोलले.

“हे... खलाशाच्या बायकोच्या तोंडी घालणार आहेस?”

“तिचं ती बघेल. हे माझं आहे.”

तो हसला. त्या विहिरीच्या तळातल्या आवाजानं नव्हे, त्या बारीक, स्वतःच्या आवाजानं.

रात्रीच्या गाडीनं मी परतले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच टेकला वाक्य बसलं. बाईंनी नाक पुसलं, सर्दी झाल्याचं सांगितलं आणि पुढचा प्रसंग लावायला सांगितला. नोकरी न घेण्याचा विषय मी काढला, तर त्यानं तो हाणूनच पाडला. “तू जा. मी येतो मागून. आवाज काय, कुठंही नेता येतो. आणि खलनायक सगळ्याच गावांत लागतात.”

राहिली मावशी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलेलं. रविवारी तो घरी आला, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

“काय करतोस?” मावशीनं चष्म्यावरून विचारलं.

“आवाज देतो. मालिकांना.”

मावशीचे डोळे बारीक झाले. “थांब, थांब. त्या इन्स्पेक्टरच्या दुधात विष घालणारा... तू?”

“हो. पण नंतर मला पश्चात्ताप झाला होता.”

“मरताना! सगळ्यांनाच होतो तेव्हा.” मग तिनं पदराशी चाळा केला. “हिला घेऊन चाललास म्हणे?”

“नाही मिस. तीच चाललीय. मी मागून जाणार.”

“आणि मी?”

मावशीचा आवाज कापरा झाला. वर्ग गप्प करणारा तो आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हीपण चला ना,” तो म्हणाला. विचार न करता, एकदम.

“वेडा का रे तू? माझी झाडं, माझी शिकवणीची मुलं... मी कुठं येतेय?” मावशी उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली. नळ सुटला, बंद झाला. त्यानं माझा हात धरला.

“साखर किती रे?” आतून मावशीचा भरून आलेला आवाज आला. “आणि चहा मीच गाळणार. तू दुधाला हात लावायचा नाहीस!”