राखेखालची भातलावणी

आमच्या कामात मागे सरकत जायचं असतं. खुरप्यानं माती तासायची, एक पाऊल मागे यायचं, पुन्हा तासायची. म्हणजे तासलेल्या जागेवर आपला पाय उमटत नाही. कॉलेज सोडल्यावर मी शिकलेली ही एकच विद्या.

जपानात, गुन्मातल्या त्या शेतावर गोदाम होणार होतं. त्याआधी चर खणून बघायचं, खाली जुनं काही आहे का. सापडलं तर सगळं शेत रीतसर उकरायचं, नोंदवायचं. नाहीतर वसंतात काँक्रीट. टोळीत माझ्याखेरीज सगळे सत्तरीचे. घरी त्यांच्याशी कोणी बोलत नाही, म्हणून इथे येऊन मातीला छळतात. मुकादम नेगिशीसाहेब. तेहतीस वर्षं जमेल तिथे "काही नाही" लिहीत आले, आणि त्यालाच अनुभव म्हणतात.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गाडीत बसले. मला कोणी बोलावलं नाही, मीही गेलो नाही. चरात उतरलो. वर कोरडा वारा घोंघावत होता, खाली आवाजच नव्हता. नऊशे वर्षांपूर्वी ज्वालामुखीनं ओकलेल्या राखेचा थर बांबूच्या पट्टीनं अलगद काढला. खाली भातखाचराचा चिखल, आणि चिखलात पाऊल. अनवाणी, लहानसं, बाईचं. टाच माझ्याकडे. मागे सरकत रोपं लावत गेलेली. एकच ओळ. एवढं मोठं खाचर, आणि ती एकटी.

"बाई, तुझी नोंद मी करतो," मी म्हणालो. महिन्याभरात कोणाशी बोललेलं ते माझं पहिलं धड वाक्य.

राख काढत मी मागे सरकत राहिलो. पावलं ओली होत गेली. शेवटच्यात पाणी होतं... गढूळ, नुकतंच हललेलं. पुढचं पाऊल माझ्या मागे असणार, हे कळेपर्यंत मी एक पाऊल मागे टाकलं होतं.

पाठीला काहीतरी टेकलं. गार, ओलं. वाकलेल्या माणसाचं कपाळ.

"कोण... आहे?"

भार वाढला. दमलेलं माणूस भिंतीला टेकतं, तसा.

मी ओरडलो असेन. नेगिशीसाहेब चराच्या काठावर आले. पावलांकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या पाठीमागे पाहिलं.

"वर ये, युझुरु. हळू."

"साहेब, मागे..."

"नोंदीचा कागद तूच भर. सापडलं म्हणालास, तर दोन वर्षं हे शेत उकरायचं. रोज. आणि चरात तूच उतरणार, आमचे गुडघे गेलेत."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तीन वाजायच्या आत बुजवून मोकळे."

पुढचं थेरड्यानं सांगितलं नाही. मी "काही नाही" लिहिलं, सही ठोकली. यंत्रानं चर बुजवला. पाठीवरचा भार मात्र तसाच.

तीनच्या चहाला टोळीतल्या तोकिएकाकूंनी माझ्यासमोर दोन पेले ठेवले. चराकडे ही बाई दिवसभर फिरकली नव्हती.

"सरक रे जरा. बाकावर जागा कर."

"दोन कशाला?"

"काही नाही असं लिहिलंस ना? मग आता शेत कुठंय तिला?"

"तुम्हाला माहीत होतं! सगळ्यांना! सांगायला काय झालं होतं?"

काकूंनी नुसती किटली उचलली आणि पुढे गेल्या.

नेगिशीसाहेबांसमोर सात पेले होते. रोज असतात, मी त्यांना हावरट समजायचो. ते एकेक पेला फुंकून गार करत होते, आणि बाकावर जरा पुढे सरकवत होते. स्वतः एकही पीत नव्हते.