उजवा पाय

ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मेकॅनिकला या आठवड्यात सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला तपासणीला न्यायचं होतं, आणि मोठ्या डॉक्टरांची ती वेळ मी फोन करकरून मिळवली होती. ती वाया जाऊ देणार नव्हते. वजनकाटे दुरुस्त करण्यात माझं आयुष्य चाललंय. ब्रेक-पॅड बदलणं काही जगावेगळं काम नव्हतं.

सकाळी गाडी त्याच्या खोलीच्या खिडकीशी लावली. खिडकीआड तो पलंगावर पडून होता. गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्यापासून त्याला कमरेखाली टाचणी टोचलेलीही कळत नव्हती.

"नट आधी सैल कर, मग जॅक लाव," तो आतून म्हणाला.

"केलेत. तू गप पड."

चाक काढलं. ब्रेक-पॅड धरून ठेवणारा कॅलिपर वर उचलून तारेने बांधला. जुने पॅड पार पत्र्यापर्यंत झिजले होते. नवे जाड, ते बसायचे तर कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलावा लागतो. शिकंजा लावून मी तो सावकाश आत दाबला, शिकंजा काढला आणि नवे पॅड उचलायला वळले.

पुन्हा पाहिलं तर पिस्टन बाहेर आलेला.

नीट दाबला गेला नसेल, असं वाटलं. परत दाबला. या वेळी शिकंजा काढून त्यावर अंगठा ठेवला. पिस्टन माझ्या अंगठ्याला रेटत बाहेर आला. मध्ये थांबला, मग पुन्हा जोर लावला.

मी उठून गाडीत डोकावले. सीट रिकामी. पिस्टन बाहेर ढकलणारं ब्रेकचं पेडल खाली गेलेलं.

"ऐक ना," खिडकीतून त्याचा आवाज आला. "पाय दुखतोय."

"कोणता?"

"उजवा. तळव्याला कुणीतरी ढकलतंय."

काम अर्ध्यावर टाकून चालणार नव्हतं.

"पाय सोड," मी म्हटलं.

"सोडू म्हणजे काय करू?"

"सैल सोड. बास."

पेडल वर आलं. मी पिस्टन दाबला. तो आतच राहिला. पॅड बसवले, चाक चढवलं. दुसरं चाक काढण्याआधी खिडकीशी जाऊन सांगितलं, "आता दाबू नकोस."

"बरं," तो म्हणाला. मी दुसरं चाकही उरकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं. पाय हलला नाही.

"काही जाणवलं?"

"नाही."

मला बाहेर बोलावून ते म्हणाले, आता आशा ठेवू नका.

परतताना तो शेजारच्या सीटवर झोपी गेला. रस्ता सरळ, मोकळा. नव्या ब्रेकचा आवाज होत नव्हता, म्हणून गाडी मंदावतेय हे मला उशिरा कळलं. इंजिन कण्हत होतं. माझा पाय ॲक्सिलरेटरवरच होता.

गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"सोड," मी हळूच म्हटलं.

तो गाढ झोपेत होता.

ब्रेकचं पेडल आणखी बोटभर खाली गेलं.